माझ्या दोन विद्यार्थिनींचे घर : एकीच्या आईशी मी काय बोलावे?

मलप्रभाकाठ

येत्या मार्गशीर्षात माझ्या दोन माजी विद्यार्थिनी बेळगावात घेतलेल्या घरात राहायला जात आहेत. दोघी सत्तावीस वर्षांच्या आहेत, दोघी कमावत्या आहेत, घराचे खरेदीखत दोघींच्या नावे आहे आणि हे घर आपण संसार म्हणून मांडत आहोत, असे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्यांच्यापैकी एकीच्या आईशी बोलण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. ते कसे करावे, याविषयी मला येथील सदस्यांचे मत हवे आहे. पुढचा सगळा मजकूर त्या दोघींनी वाचून संमती दिल्यावरच लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. आमच्या आवारात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माध्यमे होती, मात्र मुलांची मैत्री सहसा आपापल्या माध्यमापुरतीच असे. शुभांगी मराठी माध्यमात होती. तिचे वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे, जुने कार्यकर्ते. एक नोव्हेंबर या कर्नाटकाच्या स्थापनादिनी समिती काळा दिन पाळते, त्या फेरीला ते दरवर्षी बेळगावला जात. रेणुका बैलहोंगलकडची, लिंगायत घरातली. वडिलांची सरकारी नोकरीत बदली झाली म्हणून ती आठवीत आमच्याकडे कन्नड माध्यमात आली. शुभांगीला कन्नड विषयाची धास्ती होती आणि रेणुकाचे बीजगणित अगदी कच्चे होते. दहावीच्या वर्षी संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी दोघींना एका बाकावर बसवले, कारण एकीला जे येत नव्हते ते दुसरीला येत होते. यापलीकडे माझ्या मनात काही योजना नव्हती.

ते वर्ष २०१४ चे होते, हे या भागातल्या वाचकांना सांगितले की पुरे. जुलैमध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक हटवला गेला, गावात लाठीमार झाला आणि १ नोव्हेंबरपासून बेळगावचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले. शाळेच्या आवारातही दोन्ही माध्यमांची मोठी मुले एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्या दिवसांत या दोघी ३१ ऑक्टोबरला एकमेकींच्या वह्या बदलून घरी नेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी एकीचे वडील फेरीत आणि दुसरीचे कर्नाटक राज्योत्सवाच्या सोहळ्यात असले तरी दोघींचा अभ्यास अडत नसे. रेणुकाच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असे. शुभांगीने त्या वर्षी डब्यात सुकट आणणे बंद केले. तिला तसे कोणी सांगितलेले नव्हते.

शाळेत मी पाहिली ती मैत्रीच होती, तिला मी मागाहून दुसरे नाव देणार नाही. दहावीनंतर रेणुका नर्सिंगला हुबळीला गेली, शुभांगीने बेळगावात बी.कॉम. केले आणि कित्तूरवरून जाणाऱ्या बसने दोघींचे येणे-जाणे चालू राहिले. पुढे रेणुकासाठी स्थळ आले, तेव्हा ती एकवीस पूर्ण झालेली होती. मुलाकडे पाठवायच्या फोटोसाठी तिला साडी नेसवायला तिच्या घरच्यांनी शुभांगीलाच बोलावले. शुभांगीने निऱ्या घातल्या, पदराला पिन लावली आणि ती काही न बोलता ओसरीवर जाऊन बसली. रेणुकाने त्या दिवशी फोटो काढू दिला नाही. आपल्याला काय झाले आहे ते दोघींनाही त्या दिवशी कळले, पण एकमेकींशी तसे बोलायला त्यानंतर वर्ष गेले, असे त्या सांगतात.

रेणुकाच्या घरी हे माहीत आहे आणि त्यांनी तिच्याशी बोलणे बंद केले आहे. शुभांगीचे वडील आता हयात नाहीत. तिच्या आईला दोघी एकत्र राहतात हे माहीत आहे. त्यापुढचे तिने ओळखले असावे, पण तसे कोणी उघड बोललेले नाही. तिने मला निरोप पाठवला आहे की, ‘बाई, तुम्ही तिला लग्नाचे समजावून सांगा.’ मुली म्हणतात, ‘बाई, तुम्ही आईला आमचे समजावून सांगा.’ मी मुलींच्या बाजूने आहे. पण आईसमोर बसल्यावर पहिले वाक्य काय बोलावे, ते मला सुचत नाही.

निपाणीकर

बाई, तुम्ही जरूर जावे. या दोघींना बाकावर एकत्र बसवणाऱ्या शिक्षिकेचा शब्द त्या घरात कोणत्याही नातेवाइकाच्या शब्दापेक्षा जास्त चालेल.

अनगोळ_नाका

माझे मत वेगळे आहे आणि ते मी कोणाला दुखावण्यासाठी मांडत नाही. शाळेतली मैत्री फार घट्ट असते. घरापासून लांब राहणाऱ्या दोन मुली एकमेकींच्या आधाराने राहतात, त्यातून सवय लागते, आणि हल्ली अशा सवयीला लगेच प्रेमाचे नाव देण्याची शहरात पद्धत पडली आहे. त्या दोघींनी आयुष्यभर मैत्रिणी म्हणून राहावे, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण संसार म्हटले की त्यात दोन घरे येतात, नातीगोती येतात, गावही येते. नवरा गेलेल्या बाईवर या वयात हे ओझे टाकणे मला योग्य वाटत नाही. शिक्षिकेने दोन्ही घरांच्या मध्ये पडू नये.

कंग्राळीची_लेक

अनगोळ_नाका, मी तुमच्या मुद्द्याला माझ्या आयुष्यातून उत्तर देते. माझी एक मैत्रीण होती. आम्ही सहावीपासून एकत्र होतो, शेताच्या बांधावर बसून अभ्यास करायचो आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकाच बसने जायचो. विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले, बाविसाव्या वर्षी माझे झाले. तिच्या लग्नात मी पाच दिवस राबले आणि अक्षता पडल्यावर घरी येऊन आजारी पडले. घरच्यांनी दृष्ट काढली. आम्हा दोघींपैकी कोणीच कधी काही बोलले नाही, कारण बोलण्याजोगे असे काही असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. माझा नवरा सज्जन आहे, मला दोन मुले आहेत आणि माझ्या संसाराविषयी माझी तक्रार नाही. पण आज चाळिशी उलटल्यावरही तिचा आवाज फोनवर ऐकला की दिवसभर माझे कामात लक्ष लागत नाही. सवय असती तर ती इतक्या वर्षांत मोडली असती. या दोघी एकमेकींशी बोलल्या, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

चंदगडी

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आले नाही. ताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत.

बाईंना एक प्रश्न विचारतो. आईची अडचण नेमकी कोणती आहे? मुलगी मुलीबरोबर राहते ही, की ती दुसरी मुलगी कानडी आणि लिंगायत आहे ही? आमच्या चंदगड भागातून बेळगावात सोयरिकी होतात, तेव्हा मराठा घरे कन्नड घरांत मुलगी देत नाहीत आणि ती घरेही आपल्याकडे देत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. शुभांगीने एखाद्या कन्नड मुलाशी लग्न करायचे ठरवले असते तरी समितीच्या घरात वादळ झालेच असते. बोलायला जाण्याआधी आईच्या मनात यांपैकी कोणती गाठ आहे, ते पाहिले पाहिजे.

मलप्रभाकाठ

चंदगडी, तुमचा प्रश्न नेमका आहे. वडील हयात असताना भाषेची अडचण मोठी होती. पण ते शेवटच्या आजारात बेळगावच्या रुग्णालयात होते, तेव्हा रेणुका रात्रपाळी करून सकाळी त्यांच्या खाटेशी येऊन बसत असे. डॉक्टर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत बोलत, ते शुभांगीच्या आईला मराठीत समजावून सांगायचे कामही तिचेच होते. तेव्हापासून त्या घरात तिला परकी कोणी म्हटलेले नाही. शुभांगीची आई तिला ‘रेणू’ म्हणते आणि तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात बिनमाशाची आमटी करते. त्यामुळे माझ्या मते भाषेची गाठ सुटली आहे. दुसरी आहे.

वकील_खडेबझार

कायद्याची स्थिती सांगते, म्हणजे चर्चा अंदाजावर चालणार नाही.

भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. दोन सज्ञान स्त्रियांनी एकत्र राहणे हा कोणताही गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला. म्हणजे या दोघी एकत्र राहू शकतात, पण कायद्याच्या नजरेत त्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. सगळी काळजी या एका गोष्टीची घ्यायची आहे.

खरेदीखत दोघींच्या नावे आहे, हे फार चांगले झाले. आता दोघींनी एकमेकींच्या नावे नोंदणीकृत मृत्युपत्र करावे, कारण तसे नसेल तर एकीच्या पश्चात तिचा हिस्सा तिच्या माहेरच्या वारसांकडे जाईल. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे आपल्या पसंतीची व्यक्ती प्रतिनिधी म्हणून नेमता येते, तेही करून ठेवावे.

रेणुकाच्या माहेरचे बोलत नाहीत, असे बाईंनी लिहिले आहे. अशा प्रकरणांत घरचे लोक कधी कधी मुलगी बेपत्ता असल्याची किंवा फूस लावून नेल्याची तक्रार देतात. तसे झाले तर घाबरू नये. केरळमध्ये अशीच एक जोडी होती. त्यांची ओळखही शाळेत झाली होती, सौदी अरेबियात. एकीला घरच्यांनी ताब्यात घेतल्यावर दुसरी उच्च न्यायालयात गेली आणि ३१ मे २०२२ रोजी न्यायालयाने दोघींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी सर्व न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. व्यक्तीची इच्छा न्यायाधीशांनी खासगीत विचारून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. जन्मतारखेचा पुरावा आणि खरेदीखताची प्रत दोघींनी जवळ ठेवावी.

उचगावकर

ही शहरातली नवी पद्धत आहे, असे वर म्हटले गेले. माझी माहिती वेगळी आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले आणि त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. मध्य प्रदेशात १९८७ साली पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केले आणि त्यापायी दोघींच्या नोकऱ्या गेल्या. त्या लहान गावांतून आलेल्या बायका होत्या. आणि कंग्राळीच्या ताईंचा अनुभव तर आपल्या वेशीवरचाच आहे. हे पूर्वीपासून होते. बोलायची सोय मात्र अलीकडे झाली आहे.

परसगडचा_वाटसरू

आमच्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या पौर्णिमेला या सगळ्या भागातून लाखो लोक येतात आणि तेथे जोगाप्पांना, म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेल्यांना, मान असतो. साडी नेसलेल्या पुरुषाच्या हातून आपण भंडारा लावून घेतो. मग दोन मुलींनी एका घरात राहण्याने आपल्या लोकांना एवढे अवघड का व्हावे?

मानसी_समुपदेशन

परसगडचा_वाटसरू, तुमचा हेतू चांगला आहे, पण ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. जोगाप्पांचा प्रश्न स्वतः पुरुष की स्त्री म्हणून जगायचे, हा आहे. या दोघी स्वतःला पूर्णपणे स्त्रियाच मानतात, त्यांचे प्रेम स्त्रीवर आहे इतकेच. शिवाय जोगाप्पांना देवीच्या नावाने मान मिळतो, पण खोली भाड्याने मागायला गेले की तो मान राहत नाही, हेही आपण पाहतो. देवीच्या आधाराने या मुलींची बाजू मांडायला गेलो तर त्यांच्या आईला उलट वाटेल की, मुलगी देवाला सोडण्याची गोष्ट चालली आहे. आपल्या भागात त्या भीतीला इतिहास आहे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाला १९८२ साली कायदा करावा लागला. तेव्हा बाईंनी हा विषय तेथे मुळीच काढू नये.

मी शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते, म्हणून आणखी एक मुद्दा लिहिते. हा धागा शिक्षक वाचत असतील. शाळेतल्या दोन मुली एकमेकींना जपत असतील, एकमेकींशिवाय त्यांना करमत नसेल, तर त्याला मोठ्यांनी कोणतेही नाव देऊ नये, अभ्यासाच्या जागा बदलू नयेत आणि पालकांना बोलावून बभ्रा करू नये. त्यांतल्या बहुतेक मैत्री मैत्रीच राहतात. एखाद्या मुलीने आपणहून काही सांगितले, तर शांतपणे ऐकावे आणि ती सुरक्षित आहे ना, एवढे पाहावे. बाईंनी या दोघींच्या बाबतीत नेमके हेच केले. आणि कोणाच्या आईवडिलांना ‘उपचारा’चा सल्ला मिळत असेल तर सांगते : समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये तेच जाहीर केले, आणि ती ‘बरी’ करण्याचा दावा करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे.

विठाई

मी आई म्हणून लिहिते. माझी मुलगी पुण्यात असते आणि तिच्या घरात दुसरी मुलगीच आहे. मला हे कळले तेव्हा पहिले काही महिने माझ्याशी जो तो वाद घालत होता. मुलगी कायदा सांगत होती, भाऊ धर्म सांगत होता, जाऊबाई ज्योतिषी सांगत होत्या. मला त्यांतले काहीच नको होते. माझ्या वयाची, मला ओळखणारी एखादी बाई येऊन माझ्याबरोबर चहा पिऊन गेली असती तर मला पुष्कळ बरे वाटले असते.

माझ्या मनात प्रेमाविषयी प्रश्न नव्हतेच. माझे प्रश्न वेगळे होते. ही आजारी पडली तर हिच्या उशाशी कोण बसेल? मी गेल्यावर हिला दिवाळीला कोण बोलावेल? भाचीच्या लग्नात कोणी विचारले की ‘धाकटीचे काय?’ तर मी काय उत्तर देऊ? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मुलीच्या घरी राहिल्यावर मिळाले. माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता, आणि त्या मुलीने रजा काढून, प्लेटलेटचे आकडे वहीत लिहून, दर चार तासांनी पाणी पाजून जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले. शुभांगीच्या आईने तर रेणुकाला आपल्या नवऱ्याच्या खाटेशी पाहिले आहे. बाई, तुम्हाला पहिले वाक्य हवे आहे ना? ‘तुमच्या यजमानांच्या आजारपणात रेणू किती करत होती’, इथून सुरुवात करा आणि मग थांबा. पुढचे तिला बोलू द्या.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही नीट जमत नाही. मी ‘ती आपल्या घरी सुखात आहे’ एवढेच सांगते आणि लोक पुढे विचारत नाहीत.

अनगोळ_नाका

विठाईताईंचा आणि कंग्राळीच्या ताईंचा प्रतिसाद मी पुन्हा वाचला. याला संसार म्हणावे, हे मला अजूनही पटत नाही आणि न पटता पटले असे मी लिहिणार नाही. पण एक गोष्ट मी मान्य करतो. त्या मुलीचे मन दुसरीकडे आहे हे माहीत असताना तिचे लग्न लावून देणे हा त्या मुलीवर आणि ज्या मुलाशी लग्न होईल त्याच्यावरही अन्याय आहे. आईने ‘लग्नाचे समजावून सांगा’ म्हटले आहे, त्याला बाईंनी नाही म्हणावे. माझ्या घरीही एक भाचा लग्नाचा आहे. अशी गोष्ट लपवून आमच्याकडे मुलगी आली असती तर मला ते चालले नसते.

वकील_खडेबझार

हा मुद्दा मोलाचा आहे. अशी लग्ने मोडतात तेव्हा पोटगी, फसवणूक आणि बदनामीचे दावे घेऊन दोन्ही बाजू कोर्टात येतात, आणि त्यांत दोन निरपराध माणसांची वर्षे जातात.

निपाणीकर

आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या दोन बायका शेजारी राहायच्या. एकीला नवऱ्याने टाकले होते, दुसरीने लग्नच केले नव्हते. पुढे त्यांनी एकच चूल केली. एकमेकींच्या त्या कोण होत्या, असे आम्ही कधी विचारले नाही. गल्लीतले लोक हळदीकुंकवाला आणि बारशाला दोघींना मिळून एकच बोलावणे करत. त्यांच्यात प्रेम होते की सोबत होती, हे मी आज सांगू शकत नाही आणि सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण गल्लीने त्यांना एक घर म्हणून धरले होते, हे मात्र मी पाहिले आहे.

कंग्राळीची_लेक

‘दोघींना मिळून एकच बोलावणे.’ निपाणीकर, हे फार महत्त्वाचे आहे. बाई, शुभांगीच्या आईकडे जाल तेव्हा तिच्या गल्लीतल्या एखाद्या बाईलाही विश्वासात घेता आले तर पाहा. आई एकटी पडते ती मुलीमुळे नव्हे, गल्लीला तोंड देताना पडते.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी काल जाऊन आले.

विठाईताई, तुम्ही सांगितले तसेच केले. शुभांगीची आई भात मळून झाल्यावर पोती शिवत बसली होती. मीही तिच्याजवळ बसले आणि तिच्या यजमानांच्या आजारपणाचा विषय काढला. ती बराच वेळ रेणुकाविषयीच बोलत राहिली. रात्रपाळीहून आल्यावर ती चपला काढून दाराशी उभी कशी राहायची, हात धुतल्याशिवाय खाटेला शिवायची नाही, आणि यजमान शेवटी शेवटी तिच्याशी मोडके कन्नड बोलायचा प्रयत्न कसा करत होते, ते तिने सांगितले. मग सुई थांबवून तिने मला सरळ विचारले, ‘बाई, ह्या दोघी तशा आहेत काय?’ मी ‘होय’ म्हटले. ती म्हणाली, ‘मला वाटलेच होते. मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलेत?’ मी तिला सांगितले की, शाळेत असताना त्या मैत्रिणीच होत्या, आणि पुढचे त्यांचे त्यांनाच उशिरा कळले.

लग्नाचे समजावण्याविषयी मी स्पष्ट नकार दिला. तिने तो ऐकून घेतला. ती आनंदाने तयार झाली, असे मी लिहिणार नाही. ती रडली, मुलीच्या वडिलांना काय वाटले असते असे म्हणाली, आणि दिरांना यातले काही सांगू नका, असे तिने मला बजावले. वास्तुशांतीला येणार का, या प्रश्नावर तिने उत्तर दिले नाही. पण निघताना तिने विचारले की, नव्या घरात पूजेला कोण बसणार. जोडपे लागते ना? हा प्रश्न मुलींच्याही मनात आहे आणि मला त्यातले काही कळत नाही. येथे कोणी जाणकार आहे का?

शहापूरचे_गुरुजी

बाई, मी पौरोहित्य करतो. वास्तुशांतीला पती-पत्नी असले पाहिजेत, असा लोकांचा समज आहे, कारण बहुधा तसेच होते. पण अविवाहित पुरुषाच्या, विधवेच्या आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीच्या घराची वास्तुशांती मी केलेली आहे. संकल्पात यजमानाचे नाव आणि गोत्र उच्चारले जाते. दोन भावांनी मिळून घर बांधले तर दोघांची नावे संकल्पात येतात. येथे घर दोघींच्या मालकीचे आहे, तेव्हा दोघींचीही नावे घेता येतील. मला यात अडचण दिसत नाही आणि बोलावले तर मी येईन. दक्षिणेचा प्रश्न नाही.

सदलग्याची_अक्का

मी लिंगायत आहे, म्हणून रेणुकाच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे गृहप्रवेशाला जंगम स्वामींना बोलावतात, त्यांची पाद्यपूजा करतात आणि मग जेवण होते. तिच्या घरचे येणार नसतील तर त्या मुलीला आपल्या पद्धतीचे काहीच झाले नाही, असे वाटता कामा नये. सकाळी गुरुजींची वास्तुशांत आणि त्यानंतर स्वामींची पाद्यपूजा असे दोन्ही एका दिवसात सहज होते. आमच्या ओळखीचे एक स्वामी बेळगावात आहेत, मी त्यांना आधी सगळे सांगून विचारते. हुग्गी, म्हणजे आमची गुळाची खीर, मी करून आणीन. माहेरची म्हणून मी उभी राहिले तर तिला चालेल का, तेवढे विचारून कळवा.

मलप्रभाकाठ

अक्का, मी रेणुकाला लगेच फोन करून विचारले. तिला चालेल. हुग्गीत गूळ थोडा कमी घालाल का, असे तिने विचारायला सांगितले आहे, कारण शुभांगीच्या आईला साखरेचा त्रास आहे.

चंदगडी

म्हणजे आई येणार आहे, असे त्या दोघींनी धरले आहे.

मलप्रभाकाठ

होय, त्यांनी तसे धरले आहे. तिथी नक्की झाली की गुरुजींना आणि अक्कांना व्यक्तिगत संदेश पाठवते. वकीलताई, मृत्युपत्राचा मसुदा करून देण्याचे काम तुम्ही घ्याल का? दोघी शनिवारी दुपारी मोकळ्या असतात.

वकील_खडेबझार

घेते. येताना आधार कार्ड, खरेदीखताची प्रत आणि दोन साक्षीदार आणायला सांगा. मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार आहे, त्यांपैकी कोणी साक्षीदार नसावे.

कंग्राळीची_लेक

एक साक्षीदार म्हणून मी येईन.